रस्ता धरून मोजलेला साठा : सातपुड्यातल्या एका पावसाळ्याचं प्रकरण

मी औषध निर्माण अधिकारी. मूळची अमळनेरकडची, नोकरी नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या आत. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्राची ही हकीकत आहे त्याचं नाव देत नाही, आणि जिच्यामुळे ही लिहावीशी वाटली त्या बाईचं तर नाहीच. एवढं मात्र आधी सांगते : त्या जुलैत जे घडलं त्याची सुरुवात मे महिन्यात माझ्या टेबलावर झाली होती, पावसाळ्याचं मागणीपत्रक लिहिताना. मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे गरोदरपणातल्या झटक्यांवरचं औषध, त्याच्या ओळीत मी २० आकडा लिहिला. तो कुठून आला आणि का चुकला, हे तेव्हा मला समजलं नव्हतं.

अक्राणी आणि अक्कलकुवा हे जिल्ह्याचे डोंगरातले तालुके. धडगाव, मोलगी, तोरणमाळ ही नावं बातम्यांमधून सगळ्यांच्या कानावर असतात. पलीकडे नर्मदा, सरदार सरोवराचं फुगलेलं पाणी. आत उदईसारख्या नद्या आणि नाव नसलेले कितीतरी नाले, जे मार्चमध्ये चप्पल न काढता ओलांडता येतात आणि जुलैत माणूस वाहून नेतात. वस्ती पाड्यापाड्यांनी विखुरलेली. घाटरस्ते मोजके, आणि दरड आली की चांदसैलीचा असो वा दुसरा कुठला, गाड्या दोन्ही बाजूंनी उभ्या. हे दरवर्षीचं आहे. त्यामुळे 'अचानक आपत्ती' हा शब्द आमच्याकडे फारसा लागू पडत नाही. आमच्या आपत्तीला महिना ठरलेला आहे.

सरकारलाही हे नवं नाही. १९९५ पासून नवसंजीवनी योजनेखाली आदिवासी भागात पावसाळ्याआधी धान्य आणि औषधं आत पोचवायची पद्धत आहे. भरारी पथकं असतात, पाडा स्वयंसेवक असतात, बाळंतपणाच्या आधी चार दिवस येऊन राहण्यासाठी केंद्रात माहेरघर असतं. मेच्या शेवटी तालुक्याला मान्सूनपूर्व बैठक होते. जेसीबी कुठे उभं राहणार, होडी कोणाची, रेशन कधी जाणार, सर्पदंशाची लस किती, ओआरएस किती, ब्लीचिंग पावडर किती, हे सगळं विचारलं जातं आणि गंभीरपणे विचारलं जातं. गरोदर बायांची यादीही मागतात. त्या वर्षीही मागितली. पण त्या यादीतल्या बाईला रस्ता बंद असताना झटके आले तर काय लागेल, हे त्या बैठकीत कोणी विचारलं नाही. मीही नाही.

त्या रात्री काय झालं

जुलैचा दुसरा आठवडा. तीन दिवस झड लागलेली. दुसऱ्या रात्री आमचे ड्रायव्हर नाना भिजून आले आणि दारातूनच म्हणाले, "ताई, घाट बंद व्हयी गया." नाना चोपड्याचे, माझ्याशी अहिराणीतच बोलतात. दरड मोठी होती. त्याच रात्री वीज गेली आणि मोबाईलची रेंजही. रेंज हवी तर केंद्रामागच्या टेकडीवर जायचं, तिथेही मिळाली तर मिळाली.

तिसऱ्या दिवशी रात्री नऊच्या सुमाराला झोळी आली. बांबूला गोधडी बांधून चौघांनी खांद्यावर आणलेली. वय एकोणीस-वीस, पहिलटकरीण, नववा महिना. गुजरातेत ऊसतोडीला गेलेली, उन्हाळ्यात परतलेली. कार्डावर एकच तपासणी. पाय आठवडाभर सुजलेले होते, डोकं दोन दिवस दुखत होतं आणि वाटेत तिला झटका आला होता. भगताला दाखवून वेळ गेला होता, पण घरच्यांना दोष द्यायला माझं मन धजत नाही. पाच किलोमीटर चिखलातून त्यांनी तिला आणलं होतं. लेबर रूममध्ये टॉर्चच्या उजेडात सिस्टरने बीपी घेतला : १७० वर ११०. डॉक्टर काही बोलायच्या आत दुसरा झटका आला.

गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबामुळे येणाऱ्या या झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट हेच मुख्य औषध. आमच्या भाषेत मॅगसल्फ. महाग नाही, फ्रिज लागत नाही, साध्या कपाटात टिकतं. २ मिलिलिटरच्या एका ॲम्प्युलमध्ये १ ग्रॅम. प्राथमिक केंद्राला शिकवलेली रीत अशी : दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, म्हणजे १० ॲम्प्युल, हा पहिला डोस द्या आणि ताबडतोब मोठ्या दवाखान्यात रेफर करा. सव्वानऊला तो डोस गेला. रक्तदाब उतरवायला निफेडिपिनची गोळी दिली, कॅथेटर घातला, डावी कूस करून झोपवलं. आता रेफर करायचं होतं. आणि रेफर करायला रस्ता नव्हता.

रस्ता नसेल तर उपचार तिथेच पुरा करावा लागतो. पहिल्या डोसनंतर दर चार तासांनी ५ ग्रॅम, बाळंतपण किंवा शेवटचा झटका यांपैकी जे नंतर होईल तिथून २४ तासांपर्यंत. दर डोसाआधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त हालचाल पाहायची, श्वास मिनिटाला १६ च्या खाली नाही ना ते मोजायचं, लघवी तासाला ३० मिलिलिटर तरी होते का बघायचं. औषध अंगात जास्त झालं तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी हवं. हे सगळं डॉक्टर आणि सिस्टर करत होते. माझ्या वाट्याला एकच काम होतं, कपाट उघडून मोजणं.

१० ॲम्प्युल उरले होते. म्हणजे दोन डोस. सव्वा वाजताचा एक आणि पहाटे सव्वापाचचा एक.

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी ती बाळंत झाली. मुलगी, वजन जेमतेम १८०० ग्रॅम, पण रडली. तिथून २४ तास म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी सहा चाळीस. हिशेब मी औषधाच्या रिकाम्या खोक्यावर लिहिला, तो खोका अजून माझ्याकडे आहे. सव्वानऊ, सव्वा, सव्वापाच, पुन्हा सव्वानऊ, सव्वा, सव्वापाच. एकूण सहा डोस बाकी, म्हणजे ३० ॲम्प्युल. मुळापासून धरलं तर तिला ५० लागणार होते. माझ्याकडे २० होते.

पहाटेच नाना आणि आमचे आरोग्यसेवक भाऊ टेकडीवर गेले. दीड तासाने फोन लागला. पलीकडच्या बाजूने ॲम्ब्युलन्स दरडीपर्यंत ४० ॲम्प्युल घेऊन आली. अलीकडून हे दोघं चार किलोमीटर चालत गेले, दरडीच्या चिखलावरून चढून खोका हातात घेतला आणि परत चालत आले. सलाईनच्या खोक्यात कापूस भरून, वर पॉलिथीन गुंडाळून दोरीने बांधलेलं. मी उघडलं तेव्हा कापूस एका कोपऱ्यात ओला लागला. दोन ॲम्प्युल फुटले होते. ३८ शाबूत. साडेबारा वाजले होते.

सव्वानऊचा डोस साडेबाराला पडला. सव्वातीन तास उशिरा. आणि मधल्या वेळात, अकरा वाजून दहा मिनिटांनी, तिला तिसरा झटका आला. डॉक्टरांनी डायझेपाम देऊन तो थांबवला, सिस्टरने तोंडातला फेस सक्शनने ओढला. तिचा जीव वाचला, बाळही वाचलं. शेवटचा झटका आता बाळंतपणानंतरचा असल्याने २४ तास तिथून पुन्हा मोजायचे होते. आलेल्या ३८ ॲम्प्युलमध्ये ते डोस पुरले. रस्ता सहाव्या दिवशी सुटला, तेव्हा मायलेकी दोघी ॲम्ब्युलन्समध्ये बसून गेल्या.

लोक म्हणतात, वाचली ना मग झालं. माझ्या डोळ्यासमोर मात्र ती मधली सव्वातीन तासांची जागा आहे.

२० हा आकडा कुठून आला

ऑगस्टमध्ये रजिस्टर घेऊन बसले. गेल्या तीन वर्षांचा मॅगसल्फचा वापर वर्षाला एक रुग्ण, फार तर दोन. त्यामुळे मी दोन रुग्णांचे पहिले डोस धरले आणि २० लिहिले. दरवर्षी बरेचसे ॲम्प्युल मुदत संपून परत जायचे, त्यावर ऑडिटमध्ये शेरा यायचा, म्हणून जास्त लिहायचं धाडसही नव्हतं. कागदावर हा हिशेब चोख आहे. चूक त्याच्या पोटात आहे. 'पहिला डोस आणि रेफर' या हिशेबात रस्ता हाही एक माल धरलेला आहे. तो मागणीपत्रकात लिहिलेला नसतो, त्याचा साठा कोणी मोजत नाही, पण तो आहे असं समजूनच बाकीचे सगळे आकडे बेतलेले असतात. पावसाळ्यासाठी साठा करायचा म्हणजे नेमका तोच माल शून्य धरून बाकीचं पुन्हा मोजायचं. मी वर्षभराचाच हिशेब चार महिन्यांच्या बोळक्यात ओतला होता.

शिवाय वर्षाला एक रुग्ण ही सरासरी आहे. त्या सरासरीवरून एका वेळच्या गरजेचा अंदाज निघत नाही. रस्ता बंद असलेल्या आठवड्यात एक बाई आली तर तिला पुरा उपचार लागतो, पाव नाही.

दुसरी गोष्ट मिझोप्रोस्टॉलच्या, म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या गोळ्यांच्या, पानावर सापडली आणि ती मला जास्त लागली. वापर शून्य. म्हणून मागणी शून्य. पण मागची पानं उलटली तर दिसलं की वापर शून्य होता कारण साठाच शून्य होता. आदल्या दोन वर्षांत गोळ्या आल्याच नव्हत्या. नसलेली वस्तू वापरली जात नाही, न वापरलेली वस्तू मागितली जात नाही, आणि न मागितलेली वस्तू येत नाही. वापरावरून मागणी काढायची रीत औषध भांडारात सगळीकडे आहे, आणि ती एरवी ठीकही आहे. पण ज्या महिन्यांत कपाट रिकामं होतं ते महिने वगळून सरासरी काढायची असते, हे आम्हाला डिप्लोमाला शिकवलेलं होतं. मी ते केलं नव्हतं.

त्याची किंमत त्याच सहा दिवसांत नदीपलीकडे मोजली गेली. एका पाड्यावर घरीच बाळंतपण झालं, सासूने आणि शेजारणीने केलं. नंतर खूप रक्त गेलं. आशाताई त्याच पाड्यावरची, ती धावली, पोट चोळलं, बाळाला छातीला लावलं, शिकवलेलं सगळं केलं. तिच्या पिशवीत ओआरएस होतं, लोहाच्या गोळ्या होत्या, निरोध होते. मिझोप्रोस्टॉल नव्हतं. बाळ जन्मल्याबरोबर २०० मायक्रोग्रॅमच्या तीन गोळ्या तोंडावाटे द्यायच्या असतात, जिथे ऑक्सिटोसिनचं, रक्तस्राव रोखणारं, इंजेक्शन मिळण्यासारखं नाही तिथे. घरी बाळंतपणं जास्त होणाऱ्या भागात त्या आठव्या महिन्यातच बाईच्या हातात द्याव्यात अशा केंद्राच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. त्या बाईपर्यंत सिस्टर पोचली तेव्हा ती उठून बसू शकत नव्हती. महिनाभर ती शेतावर गेली नाही. कणसं भरायच्या दिवसांत.

जगाचा हिशेब आणि आमचा

या विषयावर जगात बराच विचार झालेला आहे. १९९४ च्या कैरो परिषदेनंतर, १९९५ मध्ये, युद्ध आणि आपत्तीतल्या प्रजनन आरोग्यासाठी बऱ्याच संस्थांचा एक संयुक्त गट उभा राहिला. त्यातून 'मिस्प' नावाची किमान सेवांची यादी आली : संकट आल्यापासून शक्यतो ४८ तासांत काय सुरू व्हायला हवं याची. सुरक्षित बाळंतपण आणि नवजात बाळाची काळजी, लैंगिक अत्याचारानंतरचे उपचार, एचआयव्ही आणि गुप्तरोगांना आळा, नको असलेली गर्भधारणा टाळण्याची साधनं. त्यासाठी लागणाऱ्या वस्तूंचे तयार संच संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी पुरवतो. काही संच १०,००० लोकांना तीन महिने पुरतील असे, काही ३०,००० लोकांसाठी, मोठ्या रुग्णालयाचे १,५०,००० लोकांसाठी.

हे वाचताना दोन गोष्टी माझ्या उपयोगाच्या वाटल्या. पहिली म्हणजे हिशेब लोकसंख्येपासून सुरू होतो, मागच्या वापरापासून नाही. कपाट रिकामं होतं का भरलेलं, याचा त्यावर परिणाम होत नाही. दुसरी म्हणजे गरोदर बायांपैकी सुमारे १५ टक्क्यांना गुंतागुंत होईल हे आधीच धरलेलं असतं, कोणाला होईल हे माहीत नसताना. आमच्या कागदावर गुंतागुंत म्हणजे अपवाद. तिथे तो हिशेबाचाच भाग आहे.

पण जशाच्या तशा त्या संख्या उचलता येत नाहीत. त्या संचांत वर्षाला लोकसंख्येच्या ४ टक्के बाळंतपणं धरलेली असतात. देशाचा जन्मदर २०२० च्या नमुना नोंदणीत हजारी १९.५ होता, म्हणजे जवळपास निम्मा. आदिवासी भागातलं प्राथमिक आरोग्य केंद्र २०,००० लोकसंख्येला असतं. हजारी २० धरले तर वर्षाला ४००, महिन्याला ३३ बाळंतपणं. त्यातल्या पाचेक जणींना गुंतागुंत. ऑक्सिटोसिन नुसतं प्रतिबंधासाठी प्रत्येकीला १० युनिट, म्हणजे ५ युनिटचे दोन ॲम्प्युल, महिन्याला ६६. रक्तस्राव झालाच तर एकेकीला त्यावर आणखी. हा हिशेब एका संध्याकाळी, चहा निवायच्या आत होतो. तो मी मे महिन्यात केला असता तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

आणि एक गोष्ट जगाच्या हिशेबात नसते, ती आमच्याकडे असते. छावणीत कोण गरोदर आहे हे माहीत नसतं म्हणून टक्केवारी लावावी लागते. आमच्याकडे नावं असतात. कोणत्या पाड्यावरच्या कोणत्या बाईची तारीख १५ जून ते ३० सप्टेंबरमध्ये आहे हे एएनसी, म्हणजे गरोदरपणातल्या तपासण्यांच्या, रजिस्टरवर लिहिलेलं आहे. सिकलसेल कोणाला आहे तेही आहे, आणि भिल्ल-पावरा समाजात तो बराच आहे. अपवाद फक्त स्थलांतर करून परतलेल्यांचा. ऊसतोडीची माणसं होळीला येतात, काही परत जातात, पण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होईपर्यंत बहुतेक जण घरी पोचलेले असतात. ती झटके आलेली मुलगी आमच्या यादीत उशिरा चढली ती याच फटीतून. म्हणून आता यादी दोनदा करतो. दुसरी आखाजीनंतर, पाड्यावर फिरून.

पुढच्या वर्षी काय बदललं

सगळ्यात आधी आम्ही नकाशा काढला. तो डॉक्टरांनी नाही, नानांनी, आरोग्यसेवक भाऊंनी आणि आशाताईंनी काढला. पाठकोऱ्या पोस्टरवर खडूने, पाणी आलं की कोण कोणापासून तुटतं एवढंच. पाच तुकडे पडले. साठा केंद्रात आहे म्हणजे तो आमच्या २०,००० लोकांसाठी आहे असं मी समजत होते. नकाशात दिसलं की पाचपैकी तीन तुकड्यांना केंद्रातला साठा असून नसल्यासारखा. तिथे दोन उपकेंद्रं आहेत आणि एका तुकड्यात फक्त अंगणवाडी.

मग प्रत्येक तुकड्याची पत्र्याची पेटी. उपकेंद्रात जिथे सिस्टर राहते तिथे मॅगसल्फचा पहिला डोस, सोबत १० मिलिलिटरच्या सिरिंज, लांब सुया, सुईची जागा बधिर करायला लिग्नोकेन, कॅल्शियम ग्लुकोनेट, कॅथेटर आणि युरोबॅग. सिरिंज नसेल तर ॲम्प्युलचा उपयोग नाही, हे लिहायला सोपं वाटतं, पण मागणीपत्रकात औषध एका पानावर आणि सिरिंज दुसऱ्या पानावर असते, आणि ती दोन पानं वेगवेगळ्या दिवशी मंजूर होतात. केंद्रात मात्र आता दोन बायांचा पूर्ण उपचार, १०० ॲम्प्युल. अंगणवाडीच्या पेटीत स्वच्छ बाळंतपणाचे संच : साबण, नवं ब्लेड, नाळ बांधायचा दोरा, अंथरायला प्लास्टिक, हातमोजे, बाळाला गुंडाळायला सुती कापड. आणि मिझोप्रोस्टॉल, तिच्या मूळ ॲल्युमिनियमच्या पट्टीतच. ही गोळी उष्णता सोसते पण दमट हवा सोसत नाही. आमच्या हाताला कागदाच्या पुडीत गोळ्या बांधायची सवय आहे. इथे ती सवय बाईच्या जिवावर उठेल, कारण पुडीतली गोळी दिसायला तशीच राहते. आशाताईंना मी ते चार वेळा सांगितलं, पाचव्यांदा त्यांनीच मला सांगून दाखवलं.

ऑक्सिटोसिनचं दुखणं वेगळं आहे आणि ते खास खानदेशचं आहे. याला २ ते ८ अंश सेल्सिअस लागतं. पावसाळ्याआधीचा साठा आत जातो मे महिन्यात, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशी गाठतो. भांडारातून निघालेली जीप तळोद्यापर्यंत येईस्तोवर आतला खोका हाताला चटका देतो. म्हणजे पावसाळ्याची तयारी म्हणून आणलेलं औषध पाऊस पडायच्या आतच अर्धमेलं होऊ शकतं. रंग बदलत नाही, गढूळ होत नाही. बाईचं रक्त थांबत नाही तेव्हाच कळतं. म्हणून बाकी सगळा माल मेमध्ये, पण ऑक्सिटोसिन जूनच्या पहिल्या आठवड्यात, लसींच्या फेरीबरोबर, लसींच्याच डब्यातून. बर्फाच्या थेट संपर्कात नाही, कारण ते गोठूही द्यायचं नसतं. केंद्रात पोचल्यावर आयएलआरमध्ये, म्हणजे लसींच्या शीतपेटीत, वेगळ्या खणात. 'तिथे लसींशिवाय काही ठेवायचं नाही' या शिरस्त्यामुळे आधी ते लेबर रूमच्या छोट्या फ्रिजमध्ये असायचं, आणि वीज गेली की तो फ्रिज म्हणजे कपाट. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि लोकसंख्या निधी यांचं २०१९ चं संयुक्त निवेदन आहे, ऑक्सिटोसिन लसींच्या शीतसाखळीत ठेवावं म्हणून. आमच्या डॉक्टरांनी ते छापून आयएलआरच्या वर चिकटवलं, म्हणजे तपासणीला आलेल्या माणसाशी वाद घालत बसायला नको.

मुदतीचं काय, हा प्रश्न ऑडिटवाल्यांनी विचारलाच, आणि तो योग्य आहे. १०० ॲम्प्युलमधले बहुतेक वापरले जाणार नाहीत. जावेत अशी माझी इच्छाही नाही. त्यासाठी आम्ही ग्रामीण रुग्णालयाशी ठरवून घेतलं : ऑक्टोबरमध्ये आमचा न वापरलेला साठा त्यांच्याकडे जातो, तिथे तो महिन्या-दोन महिन्यांत संपतो, आणि मेमध्ये लांब मुदतीचा नवा आमच्याकडे येतो. आधी मुदत संपणारं आधी बाहेर. पहिल्या वर्षी यात दोन सह्यांचा घोळ होऊन साठा नोव्हेंबरपर्यंत आमच्याकडेच पडून राहिला. दुसऱ्या वर्षी वेळेवर गेला.

गर्भनिरोधकांबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथला प्रश्न सुटायला सोपा होता. अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांनी असतं. ठरल्या तारखेच्या दोन आठवडे आधी देता येतं आणि चार आठवडे नंतरपर्यंत चालतं. ज्यांची तारीख जुलैच्या सुरुवातीला येते त्यांना जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बोलावून दिलं की पुढचे तीन महिने चिंता नाही. छाया आणि माला-एनच्या गोळ्या एका महिन्याऐवजी चार महिन्यांच्या एकदम. याला जास्तीचा माल लागला नाही, फक्त तारखा पुढे-मागे कराव्या लागल्या. एक बाई मला म्हणाली, नवऱ्याला दाखवू नका, पिठाच्या डब्यात ठेवते. तिला मी पट्ट्या प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत घालून दिल्या.

हे सगळं डोंगरातल्यांनाच लागू आहे असं मैदानातल्या सहकाऱ्यांना वाटतं. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी वस्तीत, बाजारात शिरलं आणि त्याच वेळी कन्नड घाटात दरडी कोसळून औरंगाबादकडचा रस्ता बंद झाला. तेव्हा तिथे किती बाया भरल्या दिवसांच्या होत्या आणि त्यांच्या जवळच्या उपकेंद्राच्या कपाटात काय होतं, हा प्रश्न मला त्या बातम्या वाचताना पडला नव्हता. आता पडतो.

जे अजून झालेलं नाही

एक ओळ दोन वर्षं मंजूर होत नाहीये. लैंगिक अत्याचार झालेल्या बाईला किंवा मुलीला एचआयव्ही होऊ नये म्हणून २८ दिवसांच्या गोळ्या द्यायच्या असतात, आणि पहिली गोळी ७२ तासांच्या आत. त्या गोळ्या आमच्या केंद्रात नाहीत, मोठ्या रुग्णालयात आहेत. एरवी गाडीने दोन-अडीच तासांचं अंतर, म्हणून चालून जातं. पण ७२ तास म्हणजे तीन दिवस, आणि त्या जुलैत आमचा रस्ता सहा दिवस बंद होता. गर्भ राहू नये म्हणून द्यायची लेव्होनोरजेस्ट्रेलची गोळी आशाताईच्या पिशवीत आहे, ती होईल. उपचार मोफत द्यायचे, नाकारायचे नाहीत, असं कायदा सांगतो, आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, आणि डॉक्टरांना ते तोंडपाठ आहे. फक्त ती डबी घाटाच्या पलीकडे आहे.

मागणीपत्रक परत येतं तेव्हा त्या ओळीसमोर लिहिलेलं असतं : 'मागील वापर निरंक.' पहिल्या वर्षी मी ते वाचून गप्प बसले. दुसऱ्या वर्षी खाली टीप लिहिली की साठाच नसल्यामुळे वापर निरंक आहे. यंदा टिपेसोबत नानांनी काढलेल्या नकाशाची झेरॉक्स जोडली आहे, बंद पडणाऱ्या घाटावर लाल पेनाने गोल करून, आणि बाजूला मागच्या तीन पावसाळ्यांत तो किती दिवस बंद होता ते तारखांसकट. एका पूर्ण कोर्सची मागणी आहे. कागद १२ मेला गेला आहे.